उर्राकाचे दिवस

शिगमा सरला की फटूची भट्टी पेटते.
वारा डोंगरावरून खाली उतरतो
आणि काजूच्या बोंडूंचा आंबूस-गोड वास
माझ्या स्वयंपाकघरात शिरतो,
न विचारता. पूर्वी मी लोकांकडे शिरायचो तसा.

खिडकी लावून काय होणार,
वर कौलं आहेत.

एकशे बेचाळीस दिवस.
मोजत नाही, असं सुकांतीला सांगतो.
ती कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या करते
आणि प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब.
ते कशाचं, हे मी विचारलेलं नाही.

पहिले चार दिवस बांबोळीला,
हात पलंगाच्या दांडीला बांधलेले.
छतावरून मुंग्या उतरत होत्या,
प्रत्येकीच्या डोक्यावर गावातली एकेक घागर, रिकामी.
नर्सने विचारलं, आज वार कोणता?
मी म्हटलं, पाणी सोडायचा.

वीस वर्षं मी नगरगावात पाणी सोडतो.
पाचला वरचा वाडा, सहाला खालचा.
कितीदा तरी दोन्ही वाडे कोरडे राहिले.
बायका दारात येऊन कळश्या वाजवायच्या,
मी कूस बदलायचो.

मग एकेक परत येऊ लागलं.
आधी भूक: रात्री दोनला उठून गुळाचा खडा,
जत्रेतलं अख्खं पाकीट खाजें, एका बैठकीत.
मग नाक. सोलकढीतली लसूण,
उर्वीच्या केसांतलं तेल,
आणि खुंटीवरचा माझाच जुना शर्ट.
तो मी परसात नेऊन जाळला.
झोप अजून लांबच्या नात्यातली,
येते, उंबऱ्यावर टेकते,
चहा न घेता जाते.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला:
तीनशे दहा होतं, आता अठ्ठ्याऐंशी.
लिव्हर भोळं असतं हो, म्हणाले.
बाकीच्याबद्दल काही बोलले नाहीत.

लाज सगळ्यांत शेवटी आली
आणि सगळ्यांत जास्त सामान घेऊन.
शाळेच्या गॅदरिंगमध्ये उर्वी झाड झाली होती.
मी दुसऱ्याच कुणा मुलीसाठी
उभा राहून टाळ्या वाजवत होतो,
कितीतरी वेळ.
झाडाला हलता येत नव्हतं.

मंगळवारी वाळपईला जातो,
इग्रेजीमागच्या खोलीत, अकरा खुर्च्या, एक पंखा.
कायतान पूर्वी पोदेर होता,
सात वर्षं झाली त्याला.
म्हणतो, "सोरो सुटलो रे शाणू, सांज सुटूंक ना."
खरं आहे.
साडेसहाला हात कुठे ठेवायचे
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
कधी भेंडी चिरतो. कधी नुसताच
नळाखाली धरतो.

दरवर्षी पहिल्या धारेची बाटली
फटू स्वतः आणून द्यायचा.
यंदा आला तो रिकाम्या हातांनी,
अंगणात चप्पल न काढता उभा राहिला.
आपण दोघं एकाच बाकावर बसलेले, एकाच शाळेत,
हे त्याने काढलं. पावसाचं काढलं.
मग म्हणाला, "वाफ थंड व्हायला पाणी लागतं,
तुला तर ठाऊकच. पाचला जरा जास्त वेळ
सोडशील?"

सुकांती आत ताट घासत होती,
तो आवाज थांबला.

मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो?
त्यालाही दोन पोरं आहेत.
आणि एकदा सोडलेल्या पाण्याला
कुठं जाऊ नकोस, असं सांगता येत नाही.
ते हंड्यात जाईल, उर्वीच्या बादलीत जाईल,
फटूच्या नळीभोवती फिरून
कोमट होऊन ओहोळाला मिळेल.

आज पहाटे काळोखात गेलो.
व्हॉल्वचं चाक दवाने गार.
भट्टीचा वास तिथपर्यंत आलेला.
पूर्ण उघडायला अकरा आटे लागतात.
सातव्याला हात अजून थरथरतो.

थांबलो.

मग आठवा.